आईला थांब म्हणायचं नसतं

ब्रेंडनचं नाक फुटलं ते सकाळी दहा वाजता, संशोधन संस्थेच्या कॉफी मशीनपाशी, आणि फुटलं ते तापिसाच्या कोपरानं. तो बिचारा डाव्या बाजूनं आला होता. पांढरा स्वेटर, हातात दोन कप, तोंडानं काहीतरी गोड बोलत आला असणार. पण तापिसाला डाव्या कानानं ऐकू येत नाही हे त्याला कुठं ठाऊक? तिच्या डोळ्याच्या कडेला नुसतं काहीतरी पांढरं, मोठं हललं, आणि कोपर आपलं आपण मागं गेलं. हाडावर हाड बसल्याचा आवाज मात्र तिला चांगला ऐकू आला. कॉफी भिंतीवर उडाली. ब्रेंडन गुडघ्यावर बसला आणि बोटांमधून रक्त गाळत म्हणाला, "सॉरी, माझीच चूक." दक्षिणेकडच्या शहरांतली ही गोरी माणसं मार खाऊनही माफी आधी मागतात! तापिसानं त्याचं डोकं धरून पुढं वाकवलं, कागदी रुमाल कोंबले, "मागं नका वाकू, रक्त घशात जाईल," म्हणाली. खरं सांगायचं तर तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. बरं वाटलं. कुणाला तरी मारल्यावर अकरा आठवड्यांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास आला, आणि तेच तिला भयंकर वाटलं.

ब्रेंडन संस्थेचा सुरक्षा अधिकारी. अकरा वाजता त्याच्याच अहवालावर तिची चौकशी होती. म्हणजे ज्याचं नाक फोडलं त्याच्याच समोर तासाभरानं बसायचं, वा! बाहीवर त्याच्या रक्ताचे चार थेंब पडले होते. ते न धुता ती आपल्या खोलीत जाऊन खिडकीशी उभी राहिली. खाली, ध्रुवाजवळच्या या इकालुइट गावच्या खाडीत जूनअखेरचा बर्फ फुटत होता. काळ्या पाण्यात मोठाले तुकडे एकमेकांच्या बरगड्यांत घुसत होते. चौकशीचा प्रश्न एकच होता आणि तो तिला महिनाभर आधी लेखी कळवला होता: बारा एप्रिलला समुद्राच्या बर्फावर, बंदुकीविना, पन्नास पावलांच्या पुढं जाणाऱ्या सहायक संशोधिकेला पथकप्रमुखांनी अडवलं होतं का? पथकप्रमुख तापिसाच, आणि पन्नास पावलांचा नियमही तिनंच लिहिलेला. अडवलं होतं म्हटलं तर दोष त्या पोरीचा, आणि पोरीला पुन्हा बर्फावर पाय ठेवायला मिळणार नाही. नव्हतं अडवलं म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, का नाही? त्याचं खरं उत्तर दिलं की अकरा वर्षांचं सगळं काम बुडालं. दोन्हीकडून मरण. मधली वाट काढायला ती महिनाभर डोकं फोडत होती.

काम म्हणजे काय, तर खोलीच्या दारावर चिकटवलेलं ते भलंमोठं चित्र: तापिसा आणि तीच सहायक पोर, धाकटी उकालिक, फरची टोपी मागं टाकून, दात दाखवून हसताहेत, आणि वर लिहिलंय, 'विज्ञान सगळ्यांचं.' ते वाक्य संस्थेनं रचलं. तापिसाचं वाक्य वेगळं होतं आणि ते ती मोठमोठ्या सभांतून बोलून आली होती. "शंभर वर्षं आमच्या माणसांनी तुमच्यासाठी स्लेज ओढली, बंदूक धरली, चहा केला," असं ती म्हणायची, "आणि वहीत लिहिलं तुम्ही. आता वही इकडं द्या." लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्यांतून निधी आला आणि निधीतून इकडच्या चौदा पोरापोरींना बर्फावरचं काम मिळालं. पांढऱ्या अस्वलाला हेलिकॉप्टरमधून बेशुद्धीची सुई मारायची, ओठ उलटून आकडा गोंदायचा, गळ्यात पट्टा अडकवायचा, ही पद्धत तापिसानं आपल्या पथकात बंद केली, कारण म्हातारे म्हणाले, जनावराची अशी थट्टा बरी नव्हे. त्याऐवजी एप्रिलमध्ये सील माद्या बर्फाखाली पिल्लांसाठी घरं करतात आणि अस्वलं ती फोडून पिल्लं खातात, तिथं कडेला अडकलेले अस्वलाचे केस गोळा करायचे. केसांवरून सगळं कळतं. अस्वलाला कुणी हात लावत नाही. "तू नाही लावणार गं," म्हातारा वाटाड्या जोआनासी म्हणायचा, "पण तो तुला लावायचा की नाही हे त्याचं तो ठरवेल. त्याच्याबद्दल फार बाता मारू नकोस. त्याला ऐकू जातं."

ऐकू जाणं! तापिसाचा डावा कान गेला सातव्या वर्षी. घरात शिरताना कपड्यांवरचा बर्फ झटकायला दारापाशी एक लाकडी दांडका असतो, इकडं घरोघरी असतो, त्या दांडक्यानं गेला. थोरल्या उकालिकनं मारला. थोरली उकालिक म्हणजे तिची आई. काय केलं होतं पोरीनं? शाळेतून येताना एक जखमी उंदीर सापडला म्हणून त्याचे पाय मोजत, ओढत बसली होती. "जनावराला पिडतेस?" एवढंच आई म्हणाली, मग दांडका. पण उंदीर हे नुसतं निमित्त. आईला कारण लागायचं नाही. चहा सांडला तर दांडका, इंग्रजीत उत्तर दिलं तर दांडका, गप्प बसली तरी दांडका. लहानपणी सरकारनं आईला बोटीत घालून दूरच्या शाळेत नेलं होतं म्हणे, तिथं तिच्या पानात जे वाढलं तेच ती आयुष्यभर इतरांना वाढत राहिली. हे समजण्याइतकी तापिसा मोठी झाली, शिकली, डॉक्टर झाली. पण समजलं म्हणून कान परत येत नाही. मार संपला की आई सीलच्या तेलाच्या दिव्याजवळ बसून तोच दांडका मांडीवर घेऊन रडायची. ते रडणं तापिसाला मारापेक्षा असह्य व्हायचं. मर, मर एकदाची, असं ती उजव्या कानावर उशी दाबून म्हणायची. आणि तापिसाच्या चोविसाव्या वर्षी आई खरंच मेली, फुप्फुसं कुजून, दक्षिणेतल्या एका इस्पितळात, आणि तापिसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

दोन महिन्यांनी शेजारणीला मुलगी झाली. शेजारणीच्या स्वप्नात थोरली उकालिक सलग तीन रात्री आली, दाराशी उभं राहून पाणी मागत होती. आता मेलेलं माणूस पाणी मागतं म्हणजे त्याला परत यायचंय, हे इकडं शेंबडं पोरही सांगेल. मुलीचं नाव उकालिक ठेवलं. नाव ठेवलं म्हणजे म्हातारी परत आली, झालं. मग त्या तान्ह्या पोरीला तापिसानं आई म्हणायचं आणि पोरीनं बोलायला लागल्यावर तापिसाला पोरी म्हणायचं. नावानं हाक मारायची नाही. आईला कोण नावानं हाक मारतं? आणि रागवायचं नाही, हुकूम करायचा नाही, नको म्हणायचं नाही. ज्याचं नाव घेऊन मूल आलंय त्या वडीलधाऱ्याचा तो अपमान. तापिसा तेव्हा दक्षिणेत शिकत होती. असल्या गोष्टींवर तिनं निबंध लिहिले होते, तळटिपांसकट. सुट्टीत घरी आली तेव्हा चार वर्षांची धाकटी उकालिक तुरुतुरु आली, उजवा पाय जरा आत वळवून, थेट थोरलीसारखी; मांडीवर चढली, आणि तापिसाच्या डाव्या कानावर पंजा ठेवून म्हणाली, "पोरी, दुखतं?" तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. निदान शेजारीण तरी शपथेवर तसं सांगायची. तळटिपा गेल्या खड्ड्यात. जे टिपूस आईच्या मरणाला आलं नव्हतं ते तेव्हा आलं, आणि असं आलं की पोर घाबरून पळाली. "म्हातारी माफी मागायला आलीय," लोक म्हणाले. "मागू दे की. तू नुसती घे."

तापिसानं घेतली. अठरा वर्षं घेत राहिली. आठ वर्षांची आई येऊन प्रबंधाच्या पानांवर सीलचं तेल सांडायची आणि तापिसा पानं पुन्हा लिहायची. चौदा वर्षांची आई शाळा बुडवून मासे धरायला जायची, तापिसा तिच्या गळाला आमिष लावून द्यायची. वर्गात, सभेत, विमानतळावर ती पोरगी भर लोकांत ओरडायची, "पोरी, जेवलीस का? चेहरा बघ कसा झालाय, प्रेताचा बरा असतो!" आणि बेचाळीस वर्षांची प्राध्यापिका खाली मान घालून सांगायची, "जेवले गं आई." दक्षिणेतले पाहुणे हसायचे, फोटो काढायचे. हीच पोर पुढं विज्ञान शिकली, पहिल्या वर्गात आली, आणि तापिसाच्या पथकात आली. तेव्हा जोआनासी एकदा स्लेज बांधता बांधता म्हणाला होता, "पथकाची प्रमुख तू, आणि ही तुझी आई. वाट चुकली तर हुकूम कुणाचा चालायचा?" तापिसा हसून म्हणाली, "काका, शहाण्या माणसांना हुकूम लागत नाही." म्हातारा दोरीची गाठ आवळत राहिला. त्या गाठीकडं तरी तिनं नीट बघायला हवं होतं.

बारा एप्रिल. उणे चोवीस, वारा पडलेला. स्लेजवरून नमुन्यांची पेटी कुठंतरी मागं पडली म्हणून जोआनासी आपल्या बर्फगाडीवर, आपली बंदूक घेऊन, ती आणायला गेला. दुसरी बंदूक स्लेजवर, ताडपत्रीखाली, पिशवीत. उकालिकनं दुर्बीण डोळ्याला लावली आणि म्हणाली, "पोरी, ते सीलचं घर आज पहाटेच फोडलंय बघ. कडेला केस आहेत, वारा सुटला तर उडतील. मी घेऊन येते. तू तोवर चहा टाक." आणि निघाली. घर दोनशे पावलांवर होतं, त्याच्या मागं बर्फाची उभी भिंत. तिनं ठेवलेल्या दुर्बिणीतून तापिसानं भिंत पाहिली. बर्फावरचं रक्त पाहिलं, ते लाल होतं, तपकिरी नव्हतं, म्हणजे पहाटेचं नव्हतं, आत्ताचं होतं. हे सगळं तिला दिसलं. थांब, हा एवढासा शब्द जिभेवर आला. उजवा पाय आत वळवत आई चालली होती, आणि तापिसानं तो शब्द गिळला आणि स्टोव्ह पेटवला. अभ्यास एकोणीस वर्षांचा, नियम स्वतःच्या हातानं लिहिलेला, आणि बाई चहाला पाणी ठेवत बसली! भिंतीमागून ते आलं तेव्हा पळतसुद्धा आलं नाही. मान खाली घालून, सरळ, ठरवल्यासारखं आलं. उकालिक ओरडली की नाही तापिसाला आठवत नाही. तिनं ताडपत्री फाडली. पिशवीची चेन गोठली होती. ती तिनं दातांनी ओढली, ओठाचं कातडं धातूला चिकटून सोललं गेलं. पहिली गोळी बर्फात. दुसरी बर्फात. मग ती धावली, आणि दहा पावलांवरून दिसलं की अस्वलाच्या तोंडात उकालिकचा चेहरा आहे, आणि ते तो झटकतंय, कुत्रं चिंधी झटकतं तसं. तिसरी खांद्यात बसली. ते उठलं, वळलं, तिच्या अंगावर आलं. चौथी त्याच्या छातीत गेली आणि ते तिच्या बुटांवर पडलं, तिचे पाय त्याच्या डोक्याखाली, गरम श्वासात अडकले. पाय ओढून काढत ती पोरीपर्यंत गेली. डावा गाल कानापासून सुटून लोंबत होता. जबडा खाली आला होता, दाढा मोजता आल्या असत्या. एक डोळा नव्हता. दुसरा उघडा होता आणि तिच्याकडं बघत होता. तापिसानं दोन्ही हातांनी तो जबडा वर धरला आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत, दोन तास चाळीस मिनिटं, तसाच धरून ठेवला. स्टोव्हवर पाणी आटलं, भांडं लाल झालं, जोआनासी येऊन गुडघ्यावर बसला.

हेलिकॉप्टर गेल्यावर तिनं काय केलं? अस्वलाचा दात काढला. वय कळायला दात लागतो. पक्कड घेऊन, त्याच्या छातीवर गुडघा रोवून, रक्तानं कडक झालेल्या हातमोज्यांनी पिळून पिळून काढला, पुडीत घातला, वर तारीख घातली. कोवळा नर, उपाशी, अंगावर चरबीचा कण नाही. जोआनासी सुरीनं कातडं सोडवत होता, तो थांबला. "झालं तुझं?" म्हणाला. तापिसा म्हणाली, "झालं." पण झालं कुठलं! त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट खात होती आणि ती चौकशीच्या कागदात नव्हती. शब्द का गिळला? रीत म्हणून गिळला, आईला थांब म्हणायचं नसतं म्हणून. हे खरं. पण त्याच्या खाली, अगदी तळाला, उशीत तोंड खुपसून मर मर म्हणणारी ती सात वर्षांची पोर बसली होती ना? आई रक्ताच्या दिशेनं चालली होती तेव्हा ती पोर काय म्हणत होती? मोठ्या तापिसाचं जिवापाड प्रेम होतं उकालिकवर, ती तिच्यासाठी अस्वलाच्या तोंडात हात घालेल, घातलाच होता. मग तळाची ती पोर कुणाची? हा विचार आला की तिला काहीतरी फोडावंसं वाटायचं. मागच्या आठवड्यात तिनं घरातला आरसा फोडला. आज नाक.

अकरा वाजता ती बैठकीच्या खोलीत गेली. ब्रेंडन नाकात कापूस घालून बसला होता. त्यानं उठून तिला खुर्ची दिली, उजव्या बाजूची. कुणीतरी कानाचं सांगितलं असावं. चौकशीच्या अध्यक्ष हॅलोरनबाई पिकल्या केसांच्या, मन लावून ऐकणाऱ्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं. भिंतीवरच्या पडद्यावर ओटावातलं इस्पितळ उघडलं आणि धाकटी उकालिक दिसली. जबडा तारांनी बांधलेला, अर्धा चेहरा पट्टीखाली, बोलता येत नव्हतं; पुढ्यात टाइप करायचा फलक. टाइप केलेलं पडद्याच्या खालच्या कडेला उमटायचं. महिन्यापूर्वी तापिसा भेटायला गेली तेव्हा तिनं असंच लिहिलं होतं, 'पोरी, जेवलीस का?' तापिसा बाहेर जाऊन ओकली होती.

"उकालिकनं काल निवेदन पाठवलंय," हॅलोरनबाई म्हणाल्या. "वाचते. 'डॉक्टर तापिसा मला थांब म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे.' हे खरं असेल, डॉक्टर, तर आपलं काम इथंच संपलं. तुमचा कार्यक्रम चालू राहील, बाकीची तेरा मुलं कामावर राहतील. उकालिकला मात्र पुन्हा बर्फावर पाठवता येणार नाही. तिला ते मान्य आहे असं तिनं लिहिलंय. तुम्ही फक्त हो म्हणा."

तापिसानं पडद्याकडं पाहिलं. तो एक डोळा तिच्यावर रोखलेला होता, न हलता. म्हातारी अशीच बघायची, मी बोलले, आता तू तोंड उघडू नकोस. आई माफी मागत होती, पूर्ण, व्याजासकट, आपलं आयुष्य देऊन. नुसती मान हलवायची होती. तेरा पोरं वाचत होती, चित्र दारावर राहत होतं, वही आपल्या हातात राहत होती. आणि आई खोटं बोलतेय असं चारचौघांत म्हणायचं तरी कसं? ब्रेंडनच्या नाकातला कापूस हळूहळू लाल होत होता.

"ती खोटं बोलतेय," तापिसा म्हणाली.

"काय म्हणालात?"

"खोटं बोलतेय ती. मी तिला थांब म्हटलं नाही. एकदाही नाही. मला ताजं रक्त दिसलं होतं. मी चहा ठेवला."

हॅलोरनबाईंनी चष्मा काढला. "पण का? तुम्ही प्रमुख होता."

"ती माझी आई आहे."

ब्रेंडननं काहीतरी लिहायला घेतलं आणि लिहिलं नाही. "ती बावीस वर्षांची आहे, डॉक्टर," बाई हळूच म्हणाल्या.

"हो. आणि माझी आई आहे. तिला नको म्हणायचं नसतं आमच्यात. हे तुम्हाला कागदावर कसं घालायचं ते घाला. पोरांना काढू नका. काढायचं तर मला काढा. नियम मी मोडलाय. आणि नुसती रीत म्हणून मोडला की आणखी कशासाठी, ते मलाही ठाऊक नाही. तेही लिहा."

पडद्याच्या खालच्या कडेला अक्षरं उमटू लागली. 'नाही. ती मला वाचवायला असं बोलतेय. ती म्हणाली होती थांब. मी' अक्षरं भराभर येत होती, चुकत होती, पुन्हा येत होती. बाई वाचायला पुढं झुकल्या. तापिसा उठली. खुर्ची मागं पडली. ती पडद्यापाशी गेली आणि आपल्या भाषेत, घशाच्या तळापासून ओरडली.

"उकालिक!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा. ब्रेंडन दचकून खुर्चीतून अर्धा उठला. पडद्यावरची बोटं हवेत राहिली.

"हात काढ तिथून. पुरे. खाली ठेव हात. थांब."

उकालिकनं तिच्याकडं पाहिलं. क्षणभरच. मग दोन्ही हात उचलले आणि मुकाट्यानं मांडीवर ठेवले. वाद नाही, राग नाही. पहिल्याच हाकेला थांबली.